‘आमच्याकडं असतो’ : कोल्हापुरात फॉस्टर केअरचं घर होताना

चौकशीला येणाऱ्या जोडप्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, ‘लहान बाळ मिळेल काय?’ याचं उत्तर नाही असं आहे. फॉस्टर केअरमध्ये, सरकारी भाषेत प्रतिपालकत्वात, येणारं मूल सहा वर्षांच्या पुढचं असतं. त्याला नाव असतं, आडनाव असतं, बऱ्याचदा कुठंतरी आई असते आणि ती त्याला आठवत असते. आई दवाखान्यात असेल, बाप तुरुंगात असेल, दोघं असूनही सांभाळायच्या स्थितीत नसतील, किंवा बालगृहात वर्षानुवर्षं भेटायला कुणी आलंच नसेल. अशा मुलाला संस्थेऐवजी घरात राहता यावं म्हणून काही महिने किंवा काही वर्षं आपलं घर द्यायचं, हे हे काम.

कोल्हापूरला दत्तक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू महाराज झाले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नाव बदललं, घर बदललं, वारसा बदलला. फॉस्टर केअरमध्ये यातलं काहीच बदलत नाही. जवळचं उदाहरण शोधायचं तर ते महाराजांनीच उभ्या केलेल्या बोर्डिंगांचं घ्यावं. पोर शिकायला शहरात राहतं, पण राहतं आपल्या आईबापाचंच. मूल आपल्या घरात वाढणार, पण आपल्या नावावर येणार नाही, हे नवराबायकोच्या आणि घरातल्या थोरल्यांच्या मनात अर्जाआधीच पक्कं बसायला हवं. पुढं जी घरं मोडतात त्यातली बरीचशी इथंच चुकलेली असतात.

या सगळ्याला आधार आहे तो बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ चा. मूल कुणाकडं द्यायचं हे ठरवते जिल्ह्याची बाल कल्याण समिती. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही पाच जणांची समिती असते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समितीच्या लेखी आदेशाशिवाय ओळखीतून, देवळातून, दवाखान्यातून ‘हे पोरगं तुम्हीच सांभाळा’ म्हणून कुणी मूल हातात दिलं तर ते घेऊ नका. लगेच १०९८ ला फोन करा. हेतू कितीही चांगला असला तरी कागद नसताना मूल ठेवणं अंगाशी येतं, आणि त्यात मुलाचाच शोध घेणारी माणसं भलतीकडं भटकत राहतात.

त्याच्याही आधी एक प्रश्न असतो, आणि तो समितीलाही विचारावा लागतो. हे मूल स्वतःच्या आईकडंच राहू शकेल काय? केवळ पैसा नाही म्हणून मूल घराबाहेर काढायचं नसतं. त्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे, त्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये आहेत. विधवा आई धुणीभांडी करून दोन पोरं ओढत असेल तर तिला हे पैसे मिळवून द्यायचे, पोरं उचलायची नाहीत. चौकशीला आलेल्या काही भल्या कुटुंबांना आम्ही हेच सांगतो. तुम्हाला मदत करायची आहे ना, मग आधी गल्लीतल्या एखाद्या बाईचा अर्ज भरून द्या.

तरीही फॉस्टर केअरच करायचं ठरलं, तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथं जायचं. या कामाचा माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य). नाव लक्षात ठेवा, कारण ‘रिमांड होमचं काम कोण बघतं’ असं विचारलं तर तुम्हाला दुसऱ्याच टेबलावर पाठवतील. नोंदणी आता ऑनलाइन होते, पण पहिली भेट समोरासमोर झालेली बरी.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. नवराबायको दोघंही भारतीय नागरिक, दोघांचीही संमती, आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान सत्तर. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणं लग्नाला किमान २ वर्षं झालेली हवीत आणि संसार स्थिर हवा. याच सूचनांनी एकट्या माणसांनाही दार उघडलं. अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित किंवा कायद्यानं विभक्त राहणारी ३५ ते ६० वयाची व्यक्ती अर्ज करू शकते. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी कुणालाही घेता येतं, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा.

कागदांची फाइल एकदाच नीट लावा. आधार, पॅन, राहण्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा (नोकरदाराला पगारपत्रक, धंदेवाल्याला आयकर विवरण, शेतकऱ्याला उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा), कुटुंबाचा फोटो, नात्यातल्या नसलेल्या दोन माणसांची नावं. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र ऑनलाइन मागवायचं, त्याची चौकशी आपल्या हद्दीच्या ठाण्यातून येते. सगळ्यात जास्त अडतं ते वैद्यकीय तपासणीपाशी. घरात राहणाऱ्या प्रत्येकाची, म्हणजे आजीची आणि कॉलेजातल्या पोराचीही तपासणी लागते. त्यात एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांच्या चाचण्या येतात. ‘मला कशाला एचआयव्हीची टेस्ट?’ म्हणून सासरे अडून बसतात आणि फाइल महिनाभर तिथंच राहते. म्हणून अर्जाआधीच घरात सांगून ठेवा. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी, सकाळी केसपेपर काढून मोकळं व्हा.

मग येते गृहभेट. माणसं हिलाच सर्वांत घाबरतात. फरशी पुसून, नवे पडदे लावून, काजूकतली मांडून बसतात. येणारा समाजसेवक पडद्याकडं बघायला आलेला नसतो. मूल झोपणार कुठं हे तो बघतो. वेगळी खोली हवीच असं नाही. पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरातही हे होतं. पण स्वतःचं अंथरूण, कपड्यांना स्वतःचा एक कप्पा, अभ्यासाला उजेड आणि आत कडी असलेलं न्हाणीघर एवढं लागतं. दहा वर्षांच्या मुलीला कॉलेजातल्या मुलाच्या खोलीत झोपवणार असाल तर तो मुद्दा नक्की निघणार. दारूचं विचारतील, कर्जाचं विचारतील, नवराबायकोत भांडण झालं की पुढं काय होतं तेही विचारतील. तुमच्या पोरांना बाजूला घेऊन बोलतील. एकाहून जास्त वेळा येतील, त्यात कधी न कळवताही. खरं सांगा. मागं कधी घरात मानसिक आजारावर उपचार झाले असतील तर तेही सांगा. उपचार घेऊन बरा झालेला माणूस त्यामुळं नापास होत नाही, लपवलेलं नंतर बाहेर आलं तर मात्र विश्वास जातो.

एका प्रश्नावर बरीच घरं गप्प होतात. ‘मुलाची आई परत आली आणि समितीनं मूल परत मागितलं तर?’ तुमची सही असलेल्या हमीपत्रात मूल परत देण्याची अट असते. इथं रडू आलं तर येऊ द्या. पण ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ हे उत्तर चालत नाही.

नदीकाठच्या घरांना आणखी एक गोष्ट विचारली जायला हवी, आणि नाही विचारली तर तुम्हीच सांगा. पंचगंगेचं पाणी आलं तर मूल कुठं नेणार? २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना याचं महत्त्व सांगायला नको. पूर्ण फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवा, मोबाइलमध्ये प्रत ठेवा. स्थलांतर करावं लागलं तर त्याच दिवशी कक्षाला कळवा.

जिल्हा पातळीवरच्या मान्यता समितीनं होकार दिला म्हणजे लगेच मूल येत नाही. काही महिने हाताशी धरा. मुलाचा स्वतंत्र अहवाल बनतो आणि मग जुळणी होते. घराला मूल शोधायचं नसतं, मुलाला घर शोधायचं असतं, म्हणून गोरं-काळं, जात, ‘हुशार असावा’ असल्या अपेक्षा इथं घेऊन येऊ नका. भावंडं असतील तर ती शक्यतो एकत्र ठेवायची असं कायदाच म्हणतो. एकासाठी तयार झालात आणि दोघं सुचवली गेली तर घाईनं हो म्हणू नका, आणि एकालाच द्या असा हट्टही धरू नका.

पहिल्या भेटी बालगृहात होतात, तासाभराच्या. मोठ्ठं खेळणं घेऊन जाऊ नका. बाकीची पन्नास पोरं बघत असतात आणि तुम्ही गेल्यावर ते खेळणं तुमच्या मुलाला भारी पडतं. कॅरम खेळा, चित्र काढा. मग शनिवार-रविवार घरी. मुलाला स्वतःला काय वाटतं हे बाल कल्याण समिती विचारते, आणि मुलानं नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नये. आदेश हातात आला की त्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढा. शाळा, बँक, दवाखाना, आधार केंद्र, सगळीकडं तोच लागतो. आदेशात मुदत लिहिलेली असते, ती कॅलेंडरवर महिनाभर आधी खूण करून ठेवा. मुदत संपल्यावर जाग आली तर मूल विनाकारण अधांतरी राहतं.

मुलाचं सामान संस्थेतून बऱ्याचदा एका पिशवीत येतं. ती पिशवी त्याच्यासमोर उलटी करू नका आणि जुने कपडे टाकून देऊ नका. चुरगळलेला शर्ट, तुटका कंगवा, कुणाचा तरी फोटो, हे त्याचं आहे. धुवायचं असेल तर विचारून धुवा. रोजचे तीन जोड, शाळेचे दोन, आतले सहा, चप्पल, टॉवेल, ब्रश एवढं नवं तयार ठेवा. जास्त आणू नका. पहिल्याच दिवशी कपाट भरलेलं बघून मूल गोंधळतं.

पहिले दोन-तीन आठवडे सगळं छान जातं. मूल सांगेल ते ऐकतं, ताट घासून ठेवतं, दुसऱ्या दिवशीच आई म्हणून हाक मारतं. घरातले हरखून जातात. मग एक दिवस ते खोटं बोलतं, पैसे उचलतं, धाकट्याला चिमटे काढतं, गादी ओली करतं. बिघडलं असं वाटतं, पण उलट असतं. आता त्याला खात्री करून घ्यायची असते की असं वागल्यावरही इथं ठेवतात की परत धाडतात. या दिवसांत ‘परत पाठवीन हं’ हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये, आजीच्या थट्टेतही नाही.

अन्नाचं बघा. गादी उचलली की खाली भाकरीचा वाळका तुकडा, बिस्किटाचा चुरा, कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा सापडतो. मुंग्या लागलेल्या असतात. ओरडायचं नाही, आणि ‘आपल्या घरात काय कमी आहे?’ असंही म्हणायचं नाही. त्याच्या हाताला येईल अशा फडताळात एक झाकणाचा डबा ठेवा. त्यात शेंगदाण्याचा लाडू, चुरमुरे, केळी घाला आणि सांगा, हा तुझा डबा, कधीही काढ, विचारायचं नाही. डबा रिकामा झाला की न बोलता भरा. काही दिवस तो दिवसातून तीनदा रिकामा होईल. हळूहळू कमी होत जातं. डबा दोन दिवस तसाच भरलेला राहिला की समजायचं, उद्याही जेवण मिळणार यावर त्याचा विश्वास बसला. आमच्या मते समुपदेशनाच्या चार बैठकांचं काम हा एक डबा करतो.

गादी ओली होत असेल तर रबरी चादर, रात्री झोपताना एकदा लघवीला नेणं, आणि सकाळी चादर बदलताना कमीत कमी शब्द. महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही किंवा जळजळ असेल तर डॉक्टर. मारायचं तर कधीच नाही. ‘आमच्या पोरांनाही देतो की एखादी’ हे इथं चालत नाही. बहुतेक मुलांनी आधीच भरपूर मार खाल्लेला असतो आणि तुमची एक थप्पड त्यांना सगळं मागचं आणून देते.

हाक काय मारायची हे मुलावर सोडा. मावशी आणि काका सर्वांत सोयीचं पडतं. मावशीत आईची जागा आईकडंच राहते. शेजारी विचारतात, ‘कुणाचं गं हे?’ त्याला एवढंच उत्तर द्या, ‘आमच्याकडं असतो.’ आईबापाची कहाणी हळदीकुंकवात सांगायची नसते. मुलाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला, गणपतीच्या देखाव्यात, संस्थेच्या कार्यक्रमाच्या बातमीत जाऊ देऊ नका. अशा मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे.

शाळेत आडनाव मुलाचंच लावायचं. ‘तुमचंच लावूया, सोपं जाईल’ असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. पुढं जातीचा दाखला, वारस नोंद, शिष्यवृत्ती, सगळं त्याच्या मूळ नावावर चालतं. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. मूल वयाच्या वर्गात बसतं पण वाचता येत नसतं, असं फार वेळा होतं. वर्गशिक्षकांना आधी जाऊन भेटा. रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. पहिल्या वर्षी गुणांच्या मागं लागू नका. तालमीच्या मैदानात फुटबॉल खेळायला सोडा, तिथं त्याला मित्र लवकर मिळतात.

वडील वारले असतील आणि गावाकडं जमीन असेल तर सातबाऱ्यावर मुलाचं नाव वारस म्हणून लागलंय काय हे कक्षाला तपासायला सांगा. चुलत्यांनी परस्पर फेरफार करून घेतलेला असतो आणि मूल अठराचं होईपर्यंत कुणी बघतच नाही.

पैशांचं थोडक्यात. मिशन वात्सल्यमधून मुलामागं महिन्याला ४,००० रुपये ठरलेले आहेत. ते वेळेवर येतीलच असं धरून संसार मांडू नका, कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. म्हणून घराचं उत्पन्न या मुलाचा खर्च उचलण्याइतकं हवं. खर्चाची साधी वही ठेवा. तारीख, कशाला, किती.

आता आईच्या भेटी. समितीनं बंदी घातलेली नसेल तर आईबापांना ठरावीक अंतरानं मुलाला भेटता येतं. पहिल्या भेटी कक्षाच्या कार्यालयात किंवा संस्थेत ठेवलेल्या बऱ्या. तारीख मुलाला आठवडाभर आधी सांगू नका, आदल्या संध्याकाळी सांगा. कारण आई येईलच याचा भरवसा नसतो. एसटीचं भाडं नसतं, मुकादमानं सोडलेलं नसतं, कधी हिंमतच होत नाही. मूल नवा शर्ट घालून बाकावर बसतं, दर पायरवाला दाराकडं बघतं, आणि साडेबाराला शिपाई जेवायला जातो तरी कुणी आलेलं नसतं. त्या वेळी ‘आली नाही ना, बघ, मी आहे’ असं म्हणू नका. ‘आज तिला यायला जमलं नाही, पुढची तारीख आपण घेऊया’ एवढंच सांगा आणि खरंच तिथल्या तिथं तारीख घेऊन निघा.

आई आली की पिशवीभर कुरकुरे आणि एक फ्रॉक घेऊन येते, तो दोन मापांनी लहान असतो. शेवटचं बघितलं तेव्हाचं माप तिच्या डोक्यात असतं. तो फ्रॉक घरी नेऊन ठेवा. भेटीनंतर मूल दोन दिवस चिडचिड करतं, जेवत नाही, अंथरूण ओलं करतं. मग घरातून सूर निघतो, ‘भेटी बंद करा, तिला त्रास होतो.’ त्रास होतो तो तुटण्याचा, भेटण्याचा नव्हे. भेटी थांबवायचा अधिकार तुमचा नाहीच, तो समितीचा आहे. भेटीत आईनं मारलं, दारू पिऊन आली असं काही घडलं तर मात्र तारखेसकट लिहून द्या.

दर महिन्याला घराची तपासणी असते. येणाऱ्याला मुलाशी एकांतात बोलू द्या, चहाच्या निमित्तानं मध्ये जाऊ नका. मुलाचं वजन-उंची, दवाखान्याचे कागद, प्रगतिपत्रक पुढं ठेवा. न झेपणारं काही असेल तर याच भेटीत सांगा. सगळं छान आहे म्हणत सहा महिने काढायचे आणि एका रात्री फोन करून ‘उद्या घेऊन जा’ म्हणायचं, याच्याइतकं मुलाचं नुकसान दुसऱ्या कशानं होत नाही. गोव्याला किंवा बाहेरच्या राज्यात जायचं असेल तर आधी लेखी विचारा.

कधीतरी, बहुधा अंधारात झोपताना किंवा गाडीवर मागं बसलेलं असताना, मूल पूर्वी झालेल्या लैंगिक अत्याचाराचं काही सांगतं. शांत ऐका. खोदून विचारू नका, घरातल्या दुसऱ्यांपुढं परत बोलायला लावू नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मग कक्षाला आणि समितीला कळवा.

दोन वर्षं सांभाळल्यावर, मूल कायद्यानं दत्तकासाठी मुक्त असेल तर, त्याच घराला दत्तकाचा अर्ज करता येतो. २०२४ आधी ही मुदत ५ वर्षं होती. पण हा रस्ता सगळ्यांना नसतो. आई उभी राहिली की मूल तिच्याकडं जातं. अठरा पूर्ण झाली की आदेश संपतो, आणि पुढं २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पायावर उभं राहीपर्यंतच्या आधाराची, मदत मागता येते, त्याचा अर्ज सतराव्या वर्षीच हलवायला घ्या.

परत जायचं ठरलं की एकदम पाठवू नका. आधी दिवसभर, मग मुक्काम, मग सुटीचा आठवडा. आईला सांगा, आता तो किती वाजता झोपतो, कशाला घाबरतो, कोणती भाजी ताटात लोटतो. लसीकरणाचं कार्ड, चालू औषधं, शाळेचे दाखले, आधार, पासबुक यांची यादी करून सही घेऊन द्या. फोटो आणि चित्रांची वही मुलाच्या हातात द्या, आईच्या नाही. कपडे नव्या बॅगेत भरा, पहिल्या दिवशीची पिशवीही त्यात ठेवा. खाऊचा डबाही द्या, भरून.